आई घरीच दिसत होती

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. मी फोनवरच्या ठिपक्यावर विश्वास ठेवला, सख्ख्या बहिणीवर नाही.

कुरुळीतली जमीन विकताना ताईने हक्कसोडीवर सही केली नाही, स्वतःचा वाटा मागितला. तो तिचा हक्कच होता, हे आज लिहिता येतं. तेव्हा मी तिच्याशी बोलणं तोडलं आणि आईलाही तिच्या घरी जायला बंदी केली. ताई गावातच दिलेली. आई आमच्याजवळ, पिंपळे सौदागरला, सातव्या मजल्यावर.

आईला फोन घेऊन दिला तेव्हाच तिचं लोकेशन माझ्या फोनला जोडलं. हेतू वाईट नव्हता. म्हातारं माणूस, रस्ता चुकली तर? हे तंत्र साध्या माणसांच्या घरात शिरेल का, असं कुणी विचारलं असतं तर ‘कधीच शिरलंय’ म्हणून मी हसलो असतो. कंपनीची बस कुठवर आली हे फोनवर बघूनच आम्ही सकाळचा चहा संपवायचो.

एकदा तळवड्याच्या कंपनीत डबा खाताना सहज बघितलं, तर आईचा ठिपका कुरुळीत. तिथूनच फोन लावला.

“ताईकडे गेलीस ना?”

आई आधी हसली. “तुज्या फोनला माजी पावलं बी दिसत्यात व्हय रं?”

“परत गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस.”

पलीकडे भांड्यांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “बरं.”

त्यानंतर ठिपका आमच्या इमारतीवरून हलला नाही. आईने ऐकलं, असं मी धरून चाललो. रोज डबा उघडला की तो बघायचा आणि निवांत जेवायचं.

मग एका दुपारी ताईचा फोन आला. कितीतरी दिवसांनी.

“आरं, आईच्या छातीत दुखतंय. घामानं भिजलीय. दवाखान्यात न्हेतोय, तू ये.”

मी फोनमध्ये पाहिलं. ठिपका घरी.

“आई घरी आहे. असलं काही सांगून मला बोलवू नकोस.”

“माज्या म्होरं निजलीय रं ती! तुजं नाव घेतीय.”

मी फोन कापला. आईला लावून पाहिला, तिने उचलला नाही. दुपारची झोपली असेल, असं मनाला सांगितलं. ताईचे पुढचे फोन घेतलेच नाहीत.

संध्याकाळी घर उघडलं. आईचा फोन देवघराशेजारी चार्जिंगला लावलेला, वर तिचा रुमाल झाकलेला. दाराशी तिच्या चपला नव्हत्या. मी आणि बायको नोकरीवर गेलो की ती फोन असा ठेवून लेकीकडे जायची.

कुरुळीला पोचलो तेव्हा आई गेलेली होती, तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. “दवाखान्यात लई येळ दाराकडं बघत हुती,” शेजारची बाई म्हणाली.

तेराव्यापर्यंत ताई आणि मी एकाच घरात वावरलो, पण माफी मागायला माझं तोंड उघडलं नाही. नंतरही कितीतरी महिने नाही. आईचा फोन मी अजून चार्ज करतो. माझ्या फोनवर ती घरीच दिसते.

परवा सुट्टीला कुरुळीला गेलो. ताई भाजी निवडत होती. तिने बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी उंबऱ्यातच बसलो आणि म्हणालो, “ताई, आईला तुझ्याकडे चोरून यावं लागलं ते माझ्यामुळं. तू खरं सांगत होतीस आणि मी तुला खोटं ठरवलं. मला माफ कर.”