पाटी लावली म्हणजे टायर फोडायची मुभा मिळते का?

आज सकाळी उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत पोलीस आले, तेव्हापासून हा एकच प्रश्न डोक्यात घोळतोय.

झालं असं, फुलंब्रीहून आलेल्या एका माणसानं शेजारच्या काकांच्या गेटसमोर बाईक लावली आणि तो दवाखान्यात गेला. काकांनी दाभण आणलं आणि दोन्ही टायर फोडले. त्या माणसानं परत येऊन थेट पोलिसांना फोन लावला.

काकांनी काहीच लपवलं नाही. उलट ऐटीत गेटवरची पाटी दाखवली: ‘येथे गाडी लावल्यास टायर फोडले जातील.’

“आधीच लिहून ठेवलंय की! याला वाचता येत नाय का?”

हवालदारानं पाटीचा फोटो काढला. “काका, दुसऱ्याच्या वस्तूचं मुद्दाम नुकसान करणं गुन्हा आहे, कैदसुद्धा होऊ शकते. मुद्दाम केलं हे दाखवताना आमचा लई घाम निघतो. तुम्ही तर गेटवरच लिहून दिलंय!”

काका पाटी काढायला धावले.

“हात लावू नका. पुरावा आहे तो.”

मी हसत हसत घरी आले आणि गेटपाशीच थबकले. आमच्याही गेटवर तीच पाटी आहे. अक्षर बाबांचं.

तुमच्या गेटवर काय लिहिलंय हो?