दादांचा बिडाचा तवा

आई गेल्यावर दादा नांदेडला माझ्याकडं राहायला आले, तेव्हा थंडी नुकतीच पडायला लागली होती. वडिलांना आम्ही भावंडं दादा म्हणतो. निलंग्याच्या घराला कुलूप लावून आम्ही दोघं एसटीनं निघालो. लातूरला गाडी बदलायची होती आणि पुढच्या गाडीला अवकाश होता, म्हणून मी त्यांना चहा पाजायला गंजगोलाईच्या बाजाराकडं घेऊन गेले. ते माझ्या मागून येत होते, पण त्यांचं लक्ष कुठंच नव्हतं. आई गेल्यापासून ते असेच झाले होते. ताट समोर ठेवलं की जेवायचे, उचललं की हात धुवायचे.

एका भांड्याच्या दुकानासमोर मी मागं वळून पाहिलं तर दादा नव्हते. चार पावलं मागंच थांबले होते. दुकानाबाहेर फळीवर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तवे एकावर एक रचून ठेवले होते. करडे, खरबरीत, चांगले जाडजूड. दादांनी वरचा तवा एका हातानं दांड्याला धरून उचलला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केलं. घंटेसारखा आवाज आला आणि बाजाराच्या गलक्यातही तो थोडा वेळ तसाच राहिला. दादा मान वाकडी करून ऐकत होते.

"बीड हाय हे," ते म्हणाले. "गाड्यांचे ब्रेक ड्रम ह्याचेच असायचे. जन्मभर हेच हाताळलं मी."

दादा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. पण त्या महिन्यांत ते आपणहून काही बोलले, असं ते पहिलंच वाक्य होतं. मी काही न विचारता तवा बांधून घेतला. नांदेडपर्यंत तो त्यांच्या मांडीवर होता. बाहेर तुरीची शेतं पिवळी झाली होती आणि काचेतून येणारं ऊन त्यांच्या हातांवरून सरकत होतं. तव्यावर हात ठेवूनच त्यांचा डोळा लागला.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्या तव्यावर धपाटं टाकलं. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, कांद्याची पात. ते असं चिकटलं की उलथनं वाकलं. निम्मं धपाटं तव्याला आणि निम्मं माझ्या हाताला. मी तवा खाली उतरवला आणि आपला नेहमीचा पत्र्याचा तवा चढवला. दादा दारात उभं राहून पाहत होते. संध्याकाळी पाहिलं तर ते तवा घेऊन शेजारच्या अक्कांकडं गेले होते.

अक्का उदगीरकडच्या. त्यांच्या बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचे आणि त्यांच्या स्वयंपाकघरात सगळी भांडी काळी कुळकुळीत होती. मी दादांना बोलवायला गेले तेव्हा त्या तव्यावर हात फिरवत म्हणत होत्या, "भाऊ, कच्चा हाय की हो हा. ह्याला आधी भाताची पेज पाजा. रोज शिळी वतायची न् ताजी भरायची. मंग तेल. करडईचं घ्या. कांदा अर्धा चिरून त्यानं चोळायचं. घाई करायची न्हाई."

"किती दिवस?" दादांनी विचारलं.

"तव्याला इचारा," अक्का म्हणाल्या आणि हसल्या.

मी कॉलेजात शिकवते, तास सकाळचे. नवरा संध्याकाळी कामावरून यायचा. दुपारी मी घरी यायची तेव्हा घरात करडईच्या तेलाचा धूर तरंगत असायचा. खिडकीतून तिरपं ऊन आत यायचं, धूर त्या उन्हात हळूहळू वळायचा, आणि त्याच्या पलीकडं दादा बनियनवर, हातात कांदा खोचलेला काटा घेऊन, तव्यावर गोल गोल फिरवत असायचे. आच मंद. आधी तवा तापवायचा, मग तेलात बुडवलेला कांदा फिरवायचा, धूर निघेपर्यंत ठेवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा तेच. जास्त तेल लावलं की चिकट थर बसतो, हे त्यांचं त्यांनाच कळलं. तापलेल्या तव्यावर एकदम गार पाणी ओतायचं नाही, बीड तडकतं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. मी पिशवी खांद्यावरून न उतरवताच कितीतरी वेळ दारात उभी राहायची. पाण्याखालून बघावं तसं ते सगळं दिसायचं. माझे वडील गॅसपाशी उभे आहेत हे मी तोवर आयुष्यात पाहिलंच नव्हतं.

तव्याचा रंग बदलत गेला. करड्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा काळा. आधी त्यांनी त्यावर शेंगदाणे भाजले. मग जवस. मग नुसता कांदा. रोज काहीतरी भाजून वाटीत काढायचे आणि माझ्यासमोर ठेवायचे. आम्ही दोघं गॅलरीत बसून गरम शेंगदाण्यांची फोलपटं फुंकून उडवायचो. एके दुपारी त्यांनी पीठ मळून ठेवलेलं होतं. ओल्या फडक्यावर धपाटं थापलं, मधे बोटानं भोकं पाडली, फडकं तव्यावर अलगद उलटं केलं. कडेनं तेल सोडलं. थोड्या वेळानं त्यांनी तवा दांड्याला धरून जरा हलवला आणि धपाटं आपोआप सरकलं. दादा माझ्याकडं बघून हसले. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, हे मी विसरूनच गेले होते.

त्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "माय, तुझी आई तवा तापला की पाणी का शिंपडायची?"

मला ते लेक म्हणून कधी कधी माय म्हणतात. मी म्हटलं, "तवा किती तापलाय ते कळायला."

"असं व्हय." त्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला. "मला वाटायचं, त्याला शांत करायला."

मग ते आईबद्दल बोलायला लागले. ड्युटीवरून आले की ती कशी आधी चूल पेटवायची, त्यांच्या डब्यात ठेचा कसा वेगळा, केळीच्या पानात बांधायची. मी ऐकत होते. त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

मधे एकदा त्यांनी त्याच तव्यात टोमॅटोची चटणी केली. चटणी झाली झकास, पण उरलेली तव्यातच ठेवून ते झोपले. उठून पाहिलं तर चटणी काळपट पडलेली, चाखली तर जिभेला लोखंडाची चव, आणि तव्याचा इतक्या दिवसांचा काळा थर मधोमध गेलेला. मी आले तेव्हा ते तवा पुढ्यात घेऊन जमिनीवर बसले होते.

"गेला," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी मला हाच शब्द आईबद्दल सांगितला होता, "गेली" म्हणून. मी अक्कांना हाक मारली.

अक्का आल्या, चष्मा वर करून तवा पाहिला. "कुठं गेला? इथंच तर हाय. आंबट घातलं व्हय? आंबटानं तसंच होतंय. घासा न् लावा परत तेल."

"परत पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून कशाला? कड हाय की काळी. फकस्त मधलं."

दादांनी बाहीला डोळे पुसले, उठले आणि तेलाची बरणी शोधायला लागले. त्या रात्री ते पोटभर जेवले. पुढचे काही दिवस त्यांनी तव्याचा मधला भाग पुन्हा काळा केला आणि त्यात कधीच आंबट घातलं नाही. टोमॅटोला, चिंचेला स्टीलची कढई. धुताना साबण नाही, नुसतं गरम पाणी, आणि लगेच आचेवर कोरडा.

ऊन कडक व्हायला लागलं तेव्हा एका सकाळी ते चहा पिता पिता म्हणाले, "मी निलंग्याला जातो."

"कशाला? तिकडं कोण आहे?"

"घर हाय. मी करून खाईन."

मी वाद घातला, नवऱ्यानंही समजावलं. भावाला फोन लावला, तो तिकडून ओरडला. दादा सगळ्यांचं ऐकून घेत होते आणि बॅग भरत होते. मी तवा कागदात गुंडाळायला घेतला तर म्हणाले, "तो राहू दे. तुझ्या गॅसवर तयार झालाय तो. मी वाटेत दुसरा घेतो. कढई पण बघतो."

त्यांना गाडीत बसवून मी घरी आले आणि दिवसभर माझं कशात मन लागलं नाही. रोज फोन करायची. ते म्हणायचे, "तव्याचं काम करायलोय, नंतर बोलतो."

दीड-दोन महिन्यांनी मी न सांगता निलंग्याला गेले. दुपार टळत आली होती. दार उघडं होतं. आत वर्कशॉपमधले दोन म्हातारे मित्र भिंतीला टेकून बसलेले, आणि दादा ओट्यापाशी बिडाच्या कढईत पिठलं घोटत होते. लसणाची फोडणी रस्त्यापर्यंत आली होती.

"आलीस व्हय? हात धू," ते न वळताच म्हणाले.

मित्रांनी मला जागा करून दिली. दादांनी चौघांची ताटं वाढली. पिठलं घट्ट, कडेला खरपूस, वर कच्चं तेल. पहिला घास घेतल्यावर मला एकदम झोप आल्यासारखं झालं, गाढ आणि सुखाची, लहानपणी परीक्षा संपल्यावर यायची तशी. जेवण झालं आणि मी आईच्या खोलीत चटईवर आडवी झाले. बाहेर ते तिघं कुठल्याशा घाटात बंद पडलेल्या गाडीबद्दल बोलत होते, मधूनच हसत होते. मी ऐकत ऐकत झोपले. संध्याकाळी दादांनी पायाला हात लावून उठवलं.

"उठ माय, शेवटची गाडी जाईल," ते म्हणाले. "की राहतीस आज? सकाळी धपाटे करतो."

मी राहिले.