सतरा तारखेची चौकट

मनोरमाताईंचं प्रार्थनापत्रक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तयार होतं. कॅलेंडरसारखं एकच पान. मार्चच्या पानावर एकतीस चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीत टोगो देशातल्या एका गावाची एकेक गरज. विहिरीचा पंप, शाळेचं छप्पर, आजारी माणूस. त्या तारखेला ज्यानं त्यानं आपल्या घरी तेवढ्यासाठीच प्रार्थना करायची. जर्मनीत कार्ल्सरूहे, न्युरेम्बर्ग, ड्युसेलडॉर्फ धरून अशी मराठी ख्रिस्ती घरं तेरा.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. नागपूरची, बौद्ध, मराठी वाङ्मयात एम.ए. नवऱ्याच्या पीएच.डी.मुळे इथे आले. माझा प्रार्थनेशी संबंध नव्हता, शुद्धलेखनाशी होता. पत्रक मी तपासत असे.

ताई नगर जिल्ह्यातल्या. इथल्या वृद्धाश्रमात नर्स. सकाळची पाळी, ट्राम, दुपारी भाकरी आणि मग टेबलावर टोगो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या चर्चची माणसं त्या गावाला तीन आठवडे गेली होती. ताईही गेल्या. तिथल्या चर्चच्या शिवणवर्गात झेनाबू नावाची शिक्षिका होती. तिनं ताईंचा जुना ब्लाऊज उलटा करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तसाच नवा शिवून दिला.

"काखेत जरासुद्धा ओढत नाही गं," ताई अजून सांगतात.

झेनाबूचं घर मुस्लिम. पण एकाच अंगणात एक चुलता मशिदीत जातो, एक चुलती चर्चमध्ये, आणि आजी अजून जुन्या झाडापाशी कोंबडी वाहते. सणाला सगळे सगळ्यांकडे जेवतात. घरातल्या लेकीनं वाट बदलणं मात्र वेगळं. झेनाबूनं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं होतं. आईला ती ईद झाल्यावर सांगणार होती. तोवर हे दोघांनाच ठाऊक होतं. तिथले पाळक याओ, आणि ताई.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी ताईंनी सतराच्या चौकटीत लिहिलं होतं, 'एका बहिणीला घरी सांगण्याचं धैर्य मिळावं.'

मी म्हणाले, "ताई, ही बहीण दिसत नाही."

"म्हणजे?"

"कुठली बहीण? काय करते? वाचणाऱ्याला माणूस दिसायला हवं."

स्वयंपाकघरातून त्यांचे यजमान सुखदेवराव ओरडले, "देवाला पिनकोडपण लागतो वाटतं!"

"अहो, तुम्ही फोडणीकडे बघा, करपतेय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुझं बरोबर आहे. आमच्या गावच्या मंडळीत नाव घेतल्याशिवाय प्रार्थना नाही. म्हैस आजारी असली तर म्हशीचंसुद्धा नाव घ्यायचे."

त्यांनी लिहिलं, 'झेनाबू, शिवणवर्गाची शिक्षिका. बाप्तिस्म्याआधी आईला सांगण्याचं धैर्य मिळावं.' गावाचं नाव पत्रकावर वर होतंच.

"आता दिसते," मी म्हणाले.

सोमवारी दुपारी ताई कामावरून आल्या तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. एक बूट काढला आणि फोन वाजला. ड्युसेलडॉर्फचा उत्कर्ष. नवीन आलेला, उत्साही इंजिनिअर. त्यानं पत्रक फोनवरच टोगोत चालणाऱ्या फ्रेंचमध्ये करून इथल्या टोगोच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकलं होतं.

"ऐका ना ताई, त्यांचेही चाळीस जण सतराला आपल्याबरोबर प्रार्थनेला उभे राहणार!"

ताई खाली बसल्या.

"काढ ते. आत्ता काढ."

"काढतो ताई. काय झालं? पण तिघांनी आधीच पुढे पाठवलंय... गावाकडे."

दुसरा बूट तसाच पायात ठेवून त्यांनी तेरा घरांना फोन केले. पत्रक पुसा. कारण विचारू नका. मी यादीतल्या नावांवर खुणा करत होते.

याओंचा फोन लागेना. ताईंच्या निरोपावर एकच खूण, राखाडी. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. कामावर त्या एकेका म्हाताऱ्याच्या गोळ्या तीन-तीनदा मोजत होत्या, हे त्यांनीच सांगितलं. मी रोज खाली जायचे. भाकरी ताटात वाळायची.

"मारतील का तिला?" मी विचारलं.

"मारण्यातली माणसं नाहीत ती. त्यांच्या घरी जेवलेय मी." त्यांनी ताट बाजूला सारलं. "थोरला भाऊ आहे. तिची सहा वर्षांची मुलगी आहे. मुलगी ठेवून घेतील आणि हिला जा म्हणतील."

सुखदेवराव म्हणाले, "प्रार्थना कर थोडी."

"डोळे मिटले की तो उत्कर्ष ऐकू येतो. चाळीस जण."

मला माझाच आवाज ऐकू येत होता, 'ही बहीण दिसत नाही.'

शुक्रवारी दुपारी याओंचा फोन आला. ताईंनी स्पीकर लावला. याओ जर्मनमध्ये बोलत होते. माझ्या चेहऱ्याकडे बघून ताई एकेक वाक्य मराठीत सांगत गेल्या. पत्रक घरी पोचलं होतं, थोरला भाऊ आला होता. शनिवारी घरची बैठक ठरली होती, मुलीचं तिथेच ठरणार होतं. गुरुवारी पहाटे आई उठली. नातीला ताप आहे, दवाखान्यात नेते, असं तिनं घरात सांगितलं. भाड्याच्या मोटरसायकलवर लेकीला आणि नातीला बसवलं आणि आपल्या बहिणीच्या गावी नेऊन सोडलं. आई रोजे धरणारी. वाटेत पाणीही प्यायली नाही. मुलगी आता झेनाबूपाशीच होती. आईनं याओंना सांगितलं होतं, मी रागावलेय, पण मुलगी आईपाशीच राहील.

"झेनाबू काय म्हणाली?" ताईंनी विचारलं.

याओ बोलले. या वेळी ताईंनी लगेच मराठीत सांगितलं नाही. फक्त जर्मनमध्ये हो, हो म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "वर्षभर ती आईला सांगायचं वाक्य जुळवत होती. ते तिचं होतं, म्हणाली. आता कुठेही माझं नाव लिहू नका."

शिवणवर्ग बंद आहे. यंत्रांवर ताडपत्री टाकली आहे.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी खाली गेले. एप्रिलचं पान तयार होतं. तीस चौकटी, एकही नाव नाही. गावाचंही नाही. सतराची चौकट कोरी.

ताईंनी विचारलं, "लिहायचं नाही, ते कळलं. पण मनात घेतलं तर चालेल का गं?"

हे मला विचारत होत्या.

"घ्या," मी म्हणाले.

त्यांनी कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. ओठ घट्ट आवळले होते, चुकूनसुद्धा हलू नयेत म्हणून. बराच वेळ. मग पान माझ्याकडे सरकवलं.

"शुद्धलेखन बघ," त्या म्हणाल्या. "तेवढंच बघ."