जोडीनं बसलेल्या बायका

"झालं की काम!" सर म्हणाले. "टी-टेस्टमध्ये फरक निघाला. डोंगराकडच्या बायकांचं लक्ष मंद चालतं, एवढं एक वाक्य लिही आणि प्रबंध बांधायला टाक."

सर म्हणजे माझे पीएच.डी.चे गाईड. विषय मानसशास्त्र. आणि त्या डोंगराकडच्या बायकांत माझी सख्खी मावशी होती. माझं डोकं असं तापलं की काय सांगू! आकडे माझे, पायपीट माझी, आणि मावशीला मंद म्हणणारं वाक्यही माझ्याच हातानं लिहायचं?

प्रयोग साधा होता. लॅपटॉपवर एकामागून एक चित्रं यायची. विळा, कंदील, शेळी, कुलूप. आधी येऊन गेलेलं चित्र परत दिसलं की बटण दाबायचं. किती पटकन दाबलं ते लॅपटॉप टिपायचा. अर्ध्या बायका माझ्या माहेरच्या, निरगुडसरच्या. अर्ध्या तळेघरच्या, मावशी दिलीय तिथल्या. निरगुडसरला काय, दारात गाडी. तळेघरला एसटी चुकली की दोन लॅपटॉप पाठीला मारून चालत सुटायचं.

दोन्हीकडं एक गोष्ट मात्र सारखी निघाली. एकटी बसायला कुणीच तयार नाही. "मी एकली न्हाई बसायची बाई, तिलाबी बसव." मग मी दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले आणि सगळ्या बायका जोडीनंच बसवल्या. निरगुडसरला शेजारणी-मैत्रिणी आल्या, बहुतेक टोमॅटो निवडणाऱ्या एकाच टोळीतल्या. तळेघरला एका घरातल्या जावा-जावा.

मावशीनं पन्नाशी कधीच ओलांडली, पण त्या घरात ती अजून धाकटीच. शेजारी थोरल्या जाऊबाई बसलेल्या. दोघींना एकाच वेळी तीच चित्रं. मावशीचं बोट बटणावर आणि डोळे तिरके. जाऊबाईंच्या बटणाचा आवाज झाला रे झाला की हिचं बोट खाली.

"मावशी, तुला दिसलं की तू दाब ना!"

"अगं, थोरल्या बाई बसल्यात की. त्यांच्या आदी कशी दाबू?"

जाऊबाई यावर खूश. आणि हे काही एका घरातलं नव्हतं.

आता टी-टेस्टचं, म्हणजे दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा ते बघायच्या गणिताचं कसं असतं, तिला माणूस सुटा लागतो. एकीचं उत्तर दुसरीला चिकटलेलं चालत नाही. अहो, आमच्याकडं बाई सुटी बसायलाच तयार नाही, तर उत्तर सुटं कुठून येणार? म्हणून मी मिश्र मॉडेल लावलं. त्यात जोडीला जोडी म्हणूनच धरतात. प्रत्येक बाईचा आपला एक वेग असतो तो धरतात, काही चित्रं मुळातच फसवी असतात तेही धरतात. एवढं सगळं धरल्यावर दोन गावांतला फरक इतका डळमळीत झाला की त्यावरून कुणालाच काही म्हणता येईना.

मी ते घेऊन सरांकडं गेले. त्यांनी कागद चाळले, चष्मा काढला आणि म्हणाले, "उत्तर आवडलं नाही म्हणून मॉडेल बदलतेस. मावशी आहे ना तुझी तिथं?"

टोला वर्मी लागला. खोटं कशाला बोलू, परत येताना मंचरपर्यंत मी खिडकीतून बाहेर नुसती बघत होते. आवडीचं उत्तर येईस्तोवर मॉडेल बदलत राहणं ही चोरीच आहे, आणि मी ती करत नाही हे मला तरी कशावरून ठाऊक होतं?

मग मी माझ्याच लाडक्या गोष्टीला हात घातला. टोमॅटो निवडणाऱ्या बायकांची नजर तेज असते, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. लहानपणापासून त्यांच्यात बसलेय मी. साध्या टेस्टमध्ये ते झोकात सिद्धही होत होतं. तेच मिश्र मॉडेल, एक अक्षर न बदलता, त्याच्यावर चालवलं. गेलं! सगळं गेलं. लई वाईट वाटलं राव. पण त्यावर लिहिलेली सगळी पानं काढून टाकली. धाकट्या जावांचा उशीर वेगळा मोजायचं आधी ठरलेलं नव्हतं, म्हणून तेही "पुढं तपासावं" एवढंच लिहून सोडलं.

आणि गेले परत सरांच्या पुढ्यात. "सर, माझं लाडकंसुद्धा यात बुडालं. बायका जशा बसल्या तसं मॉडेल लावलंय. मला काय आवडतं त्यावरून नाही."

"मग प्रबंधात उरलं काय?"

"खरं तेवढं."

"असल्या प्रबंधावर मी सही करणार नाही."

"नका करू," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं, पण मागं घ्यावंसं वाटलं नाही. दुसरा गाईड मिळवायचा म्हणजे किती उंबरे झिजवावे लागतात ते मला माहीत होतं. माझ्या बरोबरीच्या पोरी केव्हाच डॉक्टर होऊन नोकरीला लागल्या होत्या. तरी त्या खोलीतून मी मान वर करूनच बाहेर पडले. आणि त्यातली एकही गोष्ट घरी बोलले नाही.

पुढं घोडेगावच्या स्टँडवर मावशी भेटली. बाजार करून तळेघरच्या गाडीची वाट बघत बसली होती. मला जवळ बसवून घेतलं, शेव-चिवड्याचा पुडा फोडला आणि म्हणाली, "काय निगालं गं आमचं?"

मी सगळं सांगितलं. तुम्ही बायका मंद, असं लिहायला सांगितलं होतं, मी लिहिलं नाही, म्हणून सही अडलीय.

मावशी चिवडा खायची थांबली. "म्हंजी तुजी डिगरी आमच्यापायी अडली?"

"तुमच्यापायी कशाला? त्या एका वाक्यापायी."

तेवढ्यात गाडी लागली. मावशीनं पिशव्या उचलल्या, दोन पावलं गेली आणि परत माझ्यापाशी आली. माझ्या गालावरून हात फिरवत हळूच म्हणाली, "लिवून टाक की गं बये. आमाला कुटं वाचाया येतंय?"

गर्दीनं तिला दाराकडं ढकललं, तसं मी ओरडून सांगितलं, "मला येतंय ना, मावशी!"