बैठकीतला चिनी अधिकारी

आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर परगण्यातल्या एका जुन्या घराचं सामान विकायला काढलं होतं, तिथं मी ते चित्र घेतलं. निळ्या झग्यातला चिनी अधिकारी, लांब मिशा, हातात पंखा. कागद भेंडासारखा, बोट लावलं तर पापडासारखा मोडेल असा. विकणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, "युअर मॅन इज ग्रँड," म्हणजे हा गडी ठणठणीत आहे, "फक्त उन्हात टांगू नका." त्यांच्या कुण्या खलाशी पूर्वजानं तो आणला होता म्हणे.

मी फोनवर दोन-चार लेख वाचले आणि डब्लिनच्या उपनगरात, ओंगारला घरी पोहोचेपर्यंत तज्ज्ञ झालो. बायकोला ऐकवू लागलो, "कँटनचे चित्रकार ही चित्रं खास गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी काढायचे. एक जण चेहरा, दुसरा कपडे. त्या लोकांना चिनी माणूस म्हणजे नुसता पोशाख वाटायचा. काय ही नजर!"

"तुझी उसळ करपतेय," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी ऑफिसातल्या एका चिनी सहकारिणीला जेवायला बोलावलं. सहजच, असं मी घरी सांगितलं. ती आल्या आल्या तिला चित्रासमोर उभं करून मी ते सगळं व्याख्यान पुन्हा झोडलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "असले कपडे मी फक्त टीव्हीवर पाहिलेत."

आणि एवढं ज्ञान पाजळल्यावर मी फोन काढला. "जरा त्याच्या शेजारी उभी राहतेस? फोटो काढतो."

"बाबा, स्टॉप. प्लीज," माझी मुलगी कळवळून म्हणाली. बायकोनं नुसतं पाहिलं. ते पाहणं मला लग्नापासून ठाऊक आहे.

पाहुणी मात्र हसली. "राहते की. पण आधी तू. तुमचाही काही पोशाख असेल ना?"

बायकोनं कधी नव्हे त्या उत्साहानं माझा लग्नातला फेटा शोधून आणला. तो तयार शिवलेला होता आणि दरम्यान माझं डोकं वाढलं असावं. तो टाळूवरच अडून बसला. टी-शर्ट, वर फेटा, हातात उसळीचा डाव. असा मी त्या अधिकाऱ्याशेजारी उभा राहिलो. फोटो काढून पाहुणीचं समाधान होईना, म्हणून तिनं चीनमध्ये आईला व्हिडिओ कॉल लावला.

आईनं चित्राकडे ओझरतं पाहिलं. माझ्याकडे मात्र बराच वेळ पाहिलं आणि काहीतरी विचारलं. लेक हसता हसता सोफ्यावर कोसळली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"जेवण छान दिसतंय म्हणाली," तिनं डोळे पुसत सांगितलं.

जेवण तर अजून स्वयंपाकघरात झाकलेलंच होतं.