दही शेजारणीकडं ठेवून घरगाडीनं स्पेनला

वाचायला बसलात? आधी उठा आणि गॅस बघून या. दूध ठेवलंय तुम्ही. मोबाइल हातात आला की तुम्हाला पातेलं आठवत न्हाई, हे मला इतक्या लांबून कळतं. मागच्या खेपेला माझं लिहिलेलं वाचताना कुणाचं दूध करपलं, ते नाव घेऊन सांगत न्हाई. जाफराबादच्या आमच्या गल्लीत वास अजून असंल.

आलात? बसा मंग.

मला अक्षर येत न्हाई. मी बोलते आणि माझी सून वर्षा टाइप करती. तिच्याबद्दल वाकडं बोललं की तिची बोटं थांबतात, म्हणून या लेखात ती फार गुणाची दिसंल. तुम्ही समजून घ्या.

माझा पोरगा रमेश, म्हणजे आमचा रम्या, चौदा वर्षं झाली विलायतेत हाय. डोव्हर बंदरापासून दीड तासावर त्याचं गाव. दिवाळी झाली आणि मला हिकडं घेऊन आला. माझं ठरलेलं होतं, संक्रांत झाली की परत. त्याचं म्हणणं, पाडव्यापर्यंत राहा, व्हिसा सहा महिन्यांचा हाय. चौदा वर्षांत आई सलग महिनाभर मिळाली न्हाई, असं तो तोंडानं म्हणला न्हाई. नुसता विमानतळावर माझी पिशवी दोन्ही हातांनी धरून उभा राह्यला. मंग मीच म्हणले, "हे बघ रम्या, तुझ्या घरात माझं दही लागलं आणि टिकलं तर पाडवा. न्हाई तर संक्रांत."

विरजण विमानातून आणू देत न्हाईत. म्हणून वाळलेल्या लाल मिरच्या आणल्या, देठासकट. कोमट दुधात देठं टाकली की त्याच्यावर दही धरतं, हे तुम्हाला माहीत हाय; विसरला असाल तर आता आठवा. पण त्या थंडीत पहिलं दही शेंबडासारखं झालं. दुसरं नासलं. तिसऱ्याला वर्षानं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट दाखवलं, तिथं ठेवलं. असं करत सातव्या खेपेला लागलं, तेव्हा माझ्या मिरच्या संपल्या होत्या. त्या दिवसापासून रम्या रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी कपाट उघडायचा, भांड्यावरचं झाकण उचलायचा, बघायचा आणि मंगच जायचा. पन्नाशीला टेकलेला माणूस.

डिसेंबरात माझे गुडघे बोलायला लागले. मंग निघाला तो जुना बेत, घरगाडीनं स्पेनला. घरगाडी म्हणजे टेम्पोवर बांधलेलं घर: दोन पलंग, गॅस, मोरी, संडास. हिकडं त्याला मोटारहोम म्हणतात. बेत जुना असा की त्याचा व्हिसा मी जाफराबादला असतानाच काढून ठेवला होता. तुम्हाला जायचं असंल तर ध्यानात ठेवा, दोन व्हिसे लागतात, एक विलायतेचा आणि एक त्या पलीकडच्या देशांचा. आणि दुसरा पण आपल्या देशातूनच काढायचा, पाहुणी म्हणून हिकडं आल्यावर देत न्हाईत. मुंबईच्या ऑफिसात माझी दहाही बोटं मशीनवर घेतली. मला वाटलं, मी अंगठेबहाद्दर म्हणून. मागं वळून बघते तर टाय घातलेले लोक रांगेत, सगळ्यांचे अंगठे घेऊन राह्यले! जन्मभर मला हसणाऱ्यांनी एकदा त्या ऑफिसात जाऊन यावं.

रम्यानं यादी केली. चाकं थंडीची, अंगात घालायचे चमकणारे पिवळे सदरे, गाडी बंद पडली तर मागं ठेवायचा लाल त्रिकोण, दिव्यांवर चिकटवायच्या पट्ट्या, कारण पलीकडं गाड्या उजवीकडून चालतात आणि आपला उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. पाण्याची टाकी, गॅसची टाकी. एवढं सगळं बराबर लिहिलं, आणि यादीची शेवटची ओळ निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी वाचली. दूध, दही, तूप, मटण पलीकडं न्यायला बंदी.

रम्या खाली बसला. "आई, दही."

"मंग काय झालं," वर्षा म्हणली, "कॅरलकडं ठेवू." कॅरल शेजारीण. एकटी राहती, दवाखान्यात कामाला हाय. अंधारात जाती, अंधारात येती. वर्षानं फोन केला आणि पाच वाजता बाई दारात हजर, हात पुढं करून, हसत.

मी भांडं पदराखाली घेतलं. "आज न्हाई."

"का, आत्याबाई?" आमच्याकडं सुना सासूला आत्याबाई म्हणतात.

"दिवे लागले. दिवे लागल्यावर घरातलं विरजण उंबऱ्याबाहेर देत न्हाईत."

"आई," रम्या म्हणला, "हिकडं दिवे पावणेचारला लागतात."

"तो त्यांच्या दिव्यांचा दोष. सकाळी उजाडल्यावर देईन."

"सकाळी आठची बोट हाय. साडेसहाला डोव्हरला पोचायचंय. सूर्य आठला उगवतो!"

"मंग बोटीला सांग, थोडं थांब म्हणावं."

माझी सासू ताकाला आलेल्या पाहुण्याला दिवेलागणीनंतर माघारी पाठवायची. तिचं घर मी पन्नास वर्षं चालवलं, आणि शेवटी एका बोटीसाठी नियम मोडू? पण खरं सांगू का, त्या रात्री मला झोप आली न्हाई. नियम मोडला आणि दही गेलं तर मला संक्रांतीला जाता येणार होतं. मला जायचं होतंच की. तरी मी भांडं पदराखाली का घेतलं, ते मलाच उमजेना.

शनिवारी सकाळी आठला आम्ही तिघं दारात उभे, गाडी भरून तयार, पलीकडं कॅरल गाऊनवर कोट घालून. आभाळ राखेसारखं. सूर्याचा पत्ता न्हाई. रम्यानं मोबाइल दाखवला, "आठ वाजून दोन मिनिटं. उगवला."

"मोबाइलच्या सांगण्यावर उजाडतं का?"

तेवढ्यात रस्त्यावरचा दिवा आपोआप विझला. मी म्हणले, आता घे. कॅरलनं दोन्ही हातांनी भांडं घेतलं. मी तिला करंगळी दाखवली, दुधात बुडवून धरायची. चटका बसला तर थांबायचं, गार लागलं तर तापवायचं. रोज एक चमचा नव्या दुधात. वर्षा सांगत होती, बाई कागदावर लिहीत होती. कागदावर लिहिलेलं लोक विसरतात, म्हणून मी तिच्याकडून करंगळी वर करून घेतली.

आठची बोट अर्थात गेल्ती. पुढच्या बोटीवर जागा मिळाली, वरचे पैसे भरून. रम्या नुसता स्टेअरिंगवर बोटं वाजवत राह्यला. बंदरावर वर्दीतला माणूस आमचा फ्रिज उघडून बघायला लागला. दूध न्हाई, दही न्हाई. मंग त्यानं जवसाच्या चटणीचा डबा उघडला, खोल वास घेतला, डोळे पुसले आणि जा म्हणला. माणूस शिकलेला होता.

बोट दीड तास. फ्रान्समध्ये उतरलो आणि मला नोकरी लागली. विलायतेच्या गाडीत ड्रायव्हर उजवीकडं बसतो आणि तिकडं चालायचं पण उजवीकडून, म्हणजे समोरून येणारी गाडी आधी डावीकडं बसलेल्या मला दिसणार, रम्याला न्हाई. शहागडच्या पुलाजवळ ट्रकांच्या मागून एसटी कशी काढतात, ते मी बघितलेलं हाय. मी म्हणायची, "थांब. थांब. लांबडा ट्रक येऊन राह्यला. आता काढ, जल्दी!" टोलनाक्याचं मशीन पण माझ्याच बाजूला. काच खाली करायची, चिठ्ठी ओढायची, पुढच्या नाक्यावर कार्ड टेकवायचं. शाळेची पायरी न चढलेली बाई अख्ख्या फ्रान्सचा टोल भरत गेली. टोल महाग हाय हे मात्र ध्यानात ठेवा. वेळ असंल तर आतल्या रस्त्यानं जा. गावं बघायला मिळतात, पावाचा वास येतो.

मुक्काम गावोगावच्या घरगाड्यांच्या तळावर. कुठं फुकट, कुठं दहा-बारा युरो, पाणी भरायचं, घाण पाणी सोडायचं. संडासाची पेटी खालून काढून रिकामी करायची असती, आणि ते काम घरातल्या इंजिनियरचं. पहिल्या सकाळी तो ती पेटी ओढत चालला तेव्हा मी वर्षाला म्हणले, एवढी फी भरली होती आपण. ती हसली. टाइप करतानाही हसून राह्यली.

तीन दिवस पाऊस. बोर्डोपर्यंत मी फ्रान्स म्हणून जो देश बघितला तो वायपरमधून. भाकरी गाडीतच थापली. जाळ मंद, तवा लहान, पण खिडकीला वाफ धरली की घर वाटतं. चौथ्या दिवशी स्पेन लागला, आणि रम्या म्हणला, "आई, आता ऊन!" दुपारी बुर्गोस नावाच्या गावाजवळ बर्फ पडायला लागला. एवढा खर्चा करून आम्ही थंडीच्या मागं मागं आलो होतो. म्हणून सांगते, स्पेन म्हणजे लगेच ऊन न्हाई. मधलं पठार ओलांडून खाली समुद्राकडं उतरावं लागतं, आणखी दोन दिवस.

पण रोज सकाळी एक व्हायचं. रम्या उठायचा, फ्रिज उघडायचा, बघायचा, बंद करायचा.

"काय शोधतो?"

"काही न्हाई."

सहाव्या दिवशी ऊन लागलं. व्हॅलेन्सियाच्या अलीकडं संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या आणि मी गाडी थांबवायला लावली. अंबडकडची मोसंबी बघितलेल्या बाईला बाग कशी हाय ते बुंध्यावरून कळतं. बागवान फळं काढून राह्यला होता. मी ठिबकच्या नळीवर बोट ठेवलं, त्यानं मान हलवली. मी फळाकडं बोट दाखवून भुवया उडवल्या, म्हणजे भाव कसा? त्यानं अंगठा खाली केला आणि आभाळाकडं बघितलं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पिशवीभर संत्री दिली आणि पैसे घेईना.

समुद्राकाठी मोठा तळ. वीज धरून दिवसाला वीस-बावीस युरो, जास्त दिवस राह्यलं तर कमी. तिथं घरगाड्यांच्या रांगाच रांगा, आणि सगळ्यांत माझ्या वयाची माणसं. अंकुशनगरला कारखान्याच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, अशाच रांगेनं असतात, दोरीवर कपडे, दारात चूल. ते घर पाठीवर घेऊन निघतात कामासाठी, हे निघाले काम संपलं म्हणून. शेजारच्या गाडीतला म्हातारा वर्षाला म्हणला, वीस हिवाळे झाले आम्ही येतो. मी विचारलं, पोरं कुठं असतात? त्यानं सांगितलं, त्यांना सुट्टी नसती. मंग त्यानं विचारलं, तुमची पोरं? मी रम्याकडं बोट केलं. तो तेव्हा पेटी रिकामी करायला चालला होता.

एका दुपारी मी उन्हात पाय पसरून बसले होते. गुडघे गप्प होते. रम्या शेजारी येऊन बसला, संत्रं सोलत. "संक्रांतीनंतरचं तुझं तिकीट हाय. बदलायचं का तसंच राहू देऊ? कंपनीला आठवडाभर आधी सांगावं लागतं."

"आधी कॅरलकडचं भांडं बघू."

"मिरच्या बघितल्या मी हिकडच्या बाजारात," तो म्हणला. "देठ हाय त्यांना."

मी पण बघितल्या होत्या. एवढ्या मोठ्या आणि एवढ्या गोड, की मिरची म्हणावं का ढब्बू ते कळंना. त्यावर काय दही धरतं? पण हा गडी माझ्या नकळत परदेशातल्या बाजारात मिरच्यांचे देठ तपासत हिंडला, ते मी मनात ठेवलं.

तिकडं दोन आठवडे राह्यलो. परतीचा रस्ता तोच, पाऊस तोच. येताना तिकडचं दूधदुभतं हिकडं आणता येत न्हाई. दोन देशांचं एकमेकांच्या म्हशींवर काही तरी वाकडं हाय.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे दोन. सूर्य होता, मी बघून घेतला. कॅरलच्या सुट्टीचा दिवस होता. तिनं दार उघडलं. भांडं टेबलावर, वर स्वच्छ फडकं. तिनं मला करंगळी दाखवली. रोज, रोज, असं म्हणत होती, आणि कानापर्यंत लाल झाली होती.

मी झाकण काढलं. दही घट्ट, साबणाच्या वडीसारखं, पाण्याचा थेंब न्हाई. बोटानं चाटून बघितलं. गोड. माझं दही जरा आंबट, कडेला तडा गेलेलं. हे दुकानातल्या डब्याचं होतं. माझं कधीतरी मेलं होतं, आणि या बाईनं दुकानातलं आणून, त्याचं विरजण करून, रोज दुधात करंगळी बुडवून ते वाढवलं होतं. अंधारात जाऊन अंधारात येणाऱ्या बाईनं.

रम्या माझ्या तोंडाकडं बघून राह्यला होता. मी चमचाभर त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं खाल्लं. सातव्या खेपेपासून रोज झाकण उचलून बघणारा माणूस तो, त्याला चव कळली न्हाई का? खाली बघून म्हणला, "आपलंच हाय ना, आई?"

"आपलंच," मी म्हणले. "तिकीट बदल."

कॅरलचे हात रिकामे कसे ठेवायचे, म्हणून तिच्या टेबलावरच्या वाडग्यात व्हॅलेन्सियाची संत्री भरली.

वर्षाची बोटं आत्ता थांबली. "म्हणजे ते दुकानातलं होतं, आत्याबाई?"

टाइप कर, म्हणले मी. रम्या वाचंल तर वाचू दे, त्याला ठाऊक हाय.

आता तुमचं काम. जाफराबादहून हिकडं जो कोणी येणार असंल त्याच्याजवळ वाळलेल्या लाल मिरच्या द्या. पेढे देऊ नका, विमानतळावर काढून घेतात. मिरच्या पावशेर पुरे, पाडव्यापर्यंत घरात माझं दही लागलं पाहिजे. धुवू नका, कांडू नका, आणि तुम्ही विसराल म्हणून परत सांगते, देठं काढू नका.