बरणीतली भांग

काल सुनेने वाळवलेल्या पुदिन्याची बरणी उघडली आणि कुबट वास आला. सुरतेच्या दमट हवेत पाला वाळवणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. सत्तर सालाच्या आसपास आमच्या परसातली भांग आई वाळवायची.

वडिलांनी ती महाशिवरात्रीच्या थंडाईसाठी लावली होती. लावण्यापुरतीच त्यांची हौस. गच्चीवर टाकला की पाला काळा पडायचा, म्हणून आई तो मलमलीत सैल बांधून चुलीवरच्या दांडीला टांगायची. पुढे बरणीत भरल्यावरही रोज दुपारी झाकण काढून, हलवून, हुंगून बघायची. तिच्या साड्यांना तो वास बसला. शेजारच्या सविताबेन नाक मुरडायच्या, "तमारी साडीमांथी भांगनी वास आवे छे." बुरशी लागली की वडील आईलाच निष्काळजी म्हणायचे. आणि नाही लागली तर?

एका शिवरात्रीला वडिलांच्या ऑफिसातले पाहुणे पेला संपवून म्हणाले, "भाऊसाहेब, यंदा जराही कुबट नाही. तुमच्या हाताला गुण आहे." वडिलांनी हसून मान डोलावली. ती डोललेली मान आठवली की आजही माझं डोकं फिरतं. मी दारातूनच म्हटलं, "आईने वाळवलीय."

"आत जा," वडील म्हणाले.

आत आई पेले विसळत होती. मी चिडून विचारलं, "तू का नाही सांगत त्यांना?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "चांगली झाली की वाईट, मला काय ठाऊक. बायकांना कुठे देतात चाखायला."